मंगळाजोडी (चिलिका सरोवर, ओडिशा): दोन रात्री पुरतील का? आणि ती शिकाऱ्यांची गोष्ट खरी आहे का?

चिमणीची_आई | १२ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बाबांना घेऊन ओडिशाला जायचं घाटतंय. बाबा ७२ वर्षांचे. बँकेतून निवृत्त झाले त्या दिवशी गळ्यात दुर्बीण घातली, ती अजून उतरलेली नाही. भिगवण, नांदूरमध्यमेश्वर, उरण, सगळं पालथं घालून झालंय. गेली दोन वर्षं एकच धोशा: "मंगळाजोडी दाखव." माझं स्वतःचं पक्षिज्ञान चिमणी, कावळा आणि "तो बघ, तो निळा" एवढंच.

भुवनेश्वर, पुरी, कोणार्क हे होईलच. मंगळाजोडीला दोन रात्री ठेवल्यात. पुरतील ना? बाबांचा उजवा गुडघा कुरकुरतो, नावेत चढता-उतरता येईल का? शुद्ध शाकाहारी माणसाचं (म्हणजे माझं) तिथे काय होतं?

आणि एक जरा वेगळा प्रश्न. जिथे तिथे वाचते की हे गाव पूर्वी पक्षी मारून विकायचं आणि तेच शिकारी आता राखण करतात, वाटाडे झालेत. ऐकायला छानच आहे, पण इतकं छान काही ऐकलं की मला संशय येतो. कुणी स्वतः जाऊन बोललंय का तिथल्या लोकांशी?

उनाडपाऊल | १२ नोव्हेंबर, रात्री १०.०५

पुरतात. पण हिशोब रात्रींचा नको, पहाटेचा करा. दोन रात्री म्हणजे दोन पहाटा आणि दोन संध्याकाळी. एक फेरी धुक्यात गेली तरी तीन उरतात. जानेवारीत धुकं असतंच.

आणखी एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं: तिकडे आपल्यापेक्षा पाऊण तास आधी उजाडतं. मुंबईत जानेवारीत सव्वासातला सूर्य उगवतो, तिथे साडेसहाच्या आत. आणि संध्याकाळी साडेपाचला मावळतोसुद्धा. मी पहिल्या दिवशी आपल्या सवयीने साडेचारला चहा मागवला आणि नावेत बसेपर्यंत उजेड गेला. फोटोत सगळे पाणकावळे आले. बगळेपण पाणकावळे.

टिवटिव | १२ नोव्हेंबर, रात्री १०.११

"तो निळा" हे पुरेसं ज्ञान आहे ताई. तिथे "तो जांभळा" पण लागेल, जांभळ्या पाणकोंबड्या खंडीभर आहेत.

कटकवासी | १२ नोव्हेंबर, रात्री ११.३०

अकरा वर्षं भुवनेश्वरात आहे (मूळ सातारा), तेव्हा हा धागा माझाच.

पहिल्यांदा उच्चार. टीव्हीवाले "मंगलाजोडी" म्हणतात. ओडिया लोक आपल्यासारखा खणखणीत ळ म्हणतात, मंगळाजोडी. हिंदी-इंग्रजीतून येताना बिचाऱ्या ळचा ल होतो. तुम्ही तिथे नावाड्याला "मंगळाजोडी" म्हणालात की तो एकदम वळून बघेल, ही बाई कुठली म्हणून. चिलिकेतल्या नळबण बेटाचंही तेच. आपला तो पाण्यातला नळ, बोरूसारखा गवताचा, त्याचं बन म्हणजे नळबण.

गाव खोर्धा जिल्ह्यात, टांगीजवळ, चिलिकेच्या उत्तर काठाला. भुवनेश्वरहून राष्ट्रीय महामार्ग १६ ने गाडीने दीड-दोन तास. मुंबई-पुण्याहून रेल्वेने येणार असाल तर कोणार्क एक्सप्रेस आहे, पुणे-सोलापूर-सिकंदराबादमार्गे. दीड दिवस लागतो. वडिलांना झेपेल का ते बघा, नाहीतर सरळ विमान.

शाकाहारी माणसाचं काय होतं? डालमा होतो. डाळीत कच्ची केळी, भोपळा, वांगं घालून शिजवतात, वरून जिऱ्या-मिरचीची भाजून केलेली पूड. शिवाय भात, साग, टोमॅटोची आंबटगोड खटा. आणि छेनापोड (भाजलेल्या छेन्याची मिठाई) खाल्ल्याशिवाय परत आलात तर मला तोंड दाखवू नका. बाबा मासे खात असतील तर त्यांची मजा आहे, चिलिकेची कोळंबी आणि खेकडे जगात भारी. मात्र जेवणात काय हवं ते आदल्या दिवशी सांगून ठेवा, गावात हॉटेल-बिटेल फारसं नाही.

अवांतर: नागपूरकर भोसल्यांचं राज्य इथे १७५१ पासून १८०३ पर्यंत होतं. त्यामुळे "मी मराठी" असं अभिमानाने सांगितल्यावर समोरचा जरा थांबून हसला, तर का हसला ते समजून घ्या.

वऱ्हाडी_ठेचा | १३ नोव्हेंबर, सकाळी ७.५०

आमच्या रघुजीराजांना मध्ये आणू नका बाप्पा. त्यांनी पक्षी नाही मारले.

टिवटिव | १३ नोव्हेंबर, सकाळी ७.५८

चौथाई घेतली असेल पक्ष्यांकडून. थव्यातला चौथा आपला.

शंकासुर | १३ नोव्हेंबर, सकाळी ९.२०

धागाकर्तीच्या शेवटच्या प्रश्नासाठी खास लॉगिन केलं.

'शिकारी झाले रक्षक' ही आपल्याला आवडणारी गोष्ट आहे, कारण ती वाल्याची आहे. पण वाल्याच्या गोष्टीत एक सोय असते, पाटी एकदम कोरी होते आणि पुढचा खर्च कुणी विचारत नाही. पक्षी मारणं हा शौक नव्हता, हिवाळ्यातली कमाई होती. ती सोडल्यावर चूल कशावर पेटली? पर्यटक येतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उरलेले आठ महिने? शपथेने पोट भरत नाही. मी गेलो नाही, विचारतोय. कुणी गेलेल्याने सांगा, आणि कृपया माहितीपत्रकातलं नको.

भूगोल_मास्तर | १३ नोव्हेंबर, दुपारी १.१५

शंकासुर, प्रश्न रास्त आहे. मला जेवढं नक्की ठाऊक आहे तेवढं सांगतो.

गावात विष लावलेलं आमिष, जाळी आणि बंदूक, तिन्ही चालायचं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी इथले हिवाळी पक्षी काही हजारांवर आले होते. वाइल्ड ओरिसा या संस्थेचे नंदकिशोर भुजबळ (होय, भुजबळ, ओडियातही हे आडनाव आहे) अनेक वर्षं गावात जाऊन बसत होते, शिव्या खात होते. त्यातून २००० साली शिकाऱ्यांचीच महावीर पक्षी सुरक्षा समिती उभी राहिली. काळिजाई देवी ही चिलिकेच्या मच्छीमारांची देवी, तिच्या नावाने शपथ घेतली गेली. पण शंकासुर म्हणतात तसं, शपथ २००० ची आणि पर्यटनाची घडी बसली ती त्यानंतर जवळजवळ दशकभराने, मंगळाजोडी इकोटुरिझम ट्रस्ट आल्यावर. मधली वर्षं लोकांनी रात्रीची गस्त घातली ती जवळजवळ फुकट. गोष्ट सांगताना नेमकी ही मधली वर्षं गाळली जातात. पुढे २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेच्या पुरस्कारांतही ट्रस्टचं नाव झळकलं.

आता माझा मुद्दा. पक्षी परत आले ते फक्त शपथेने का? चिलिकेचं समुद्राला मिळणारं मुख गाळाने भरत चाललं होतं. खारं पाणी आत येईना, तळ्याची क्षारता घटली, पाणवनस्पती माजल्या, मासळी कमी झाली. १९८१ मध्ये भरतपूरबरोबर भारतातली पहिली रामसर स्थळं (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळी) म्हणून जी दोन नावं गेली त्यातलं हे एक, आणि १९९३ मध्ये ते धोक्यातल्या पाणथळींच्या माँट्रो यादीत टाकावं लागलं. सप्टेंबर २००० मध्ये नवं मुख खोदलं. २००२ मध्ये चिलिका त्या यादीतून बाहेर आलं. आशियातलं असं पहिलंच. हीच ती वर्षं! तेव्हा श्रेय वाटताना खोदकाम करणाऱ्यांनाही थोडं द्या.

मंजिरी_ठाणे | १३ नोव्हेंबर, दुपारी २.४०

मास्तर, एक शंका. मंगळाजोडी उत्तरेला, म्हणजे दया आणि भार्गवी या महानदीच्या फाट्यांचं गोडं पाणी येतं तिथे. नव्या मुखाचा मोठा परिणाम समुद्राकडच्या आणि मधल्या भागावर. मंगळाजोडीची दलदल मुळात गोड्या पाण्याची, पाणकणीस आणि नळाची. ती कायम होतीच. तिथे कमी होती ती मारायला न येणारी माणसं. त्यामुळे निदान या गावापुरतं मी श्रेय समितीलाच देईन.

शिवाय नळबण हे अभयारण्य आहे (१९८७ पासून), मंगळाजोडी त्याच्या बाहेर. म्हणजे इथे राखण आहे ती प्रामुख्याने गावाची.

भूगोल_मास्तर | १३ नोव्हेंबर, दुपारी ३.०५

मान्य. निम्मं मान्य. पक्षी तळ्याचे भाग आपल्यासारखे नकाशावर वाटून घेत नाहीत. दिवसा इथे, रात्री तिथे. अख्खं तळं सुधारलं तर काठालाही फरक पडतो. चिलिकेच्या अलीकडच्या गणनांत ११ लाखांच्या आसपास पक्षी मोजले गेलेत, ते सगळीकडून.

निफाडचा_पोरगा | १३ नोव्हेंबर, सायंकाळी ६.३०

एवढ्या लांब जाताय, जा. पण आमचं नांदूरमध्यमेश्वर महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ आहे (२०२०), गोदावरी-कादवेच्या संगमावर, चापडगावला मनोऱ्यावर बसलं की समोर सगळं. गावातलीच पोरं वाटाडे आहेत. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते हेच. बाबांनी पाहिलंय म्हणता म्हणून सोडून देतो.

चिमणीची_आई | १३ नोव्हेंबर, रात्री ८.१०

बाबांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवतेय. "चापडगावच्या मनोऱ्यावर मी चार वेळा डबा खाल्लाय, त्या मुलाला सांग" असा निरोप आहे.

बिनदुर्बीण | १४ नोव्हेंबर, सकाळी ११.००

मी गेले होते, पक्षी अजिबात कळत नसताना, नवऱ्याच्या हट्टापायी. पहिला अर्धा तास कंटाळा आला. मग नाववाल्यांनी कमळपक्षी दाखवला. लांबलचक बोटांनी पानांवरून चालत होता. वाटाड्याने सांगितलं की यांच्यात मादी अंडी घालून निघून जाते, दुसरा नर बघते. अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं सगळं नराकडे. मी नवऱ्याकडे बघितलं. तो कॅमेऱ्यात बघत होता.

त्यानंतर मात्र कंटाळा आला नाही.

मराठी नावं तर फारच गोड आहेत हे मला तिथे कळलं. चोचीवर पिवळा-तांबडा रंग म्हणून ते हळदीकुंकू बदक. काळा अंगरखा, कपाळाला पांढरा टिळा आणि हजारोंनी एकत्र चालतो म्हणून तो वारकरी. आणि ज्याच्या चोचीत फट राहते तो मुग्धबलाक. ती फट गोगलगायी धरायला असते म्हणे, मला आधी वाटलं बिचाऱ्याला काही झालंय.

टिवटिव | १४ नोव्हेंबर, सकाळी ११.०९

हळदीकुंकवाला वारकरी आले होते, असं वाक्य फक्त पक्षीवाल्यांच्या घरात चालतं.

लेन्सवाला | १४ नोव्हेंबर, दुपारी १२.२०

आता जरा कामाचं. मंगळाजोडीचं मोठेपण हे की नावा बांबूने रेटतात, इंजिन नाही. पाणी गुडघ्याएवढं-कमरेएवढं. आवाज नाही, त्यामुळे काळ्या शेपटीचा पाणटिवळा दहा-बारा फुटांवर चिखलात चोच खुपसत असतो आणि तुमच्याकडे ढुंकून बघत नाही. भारतात दुसरीकडे इतक्या जवळून हे पक्षी मी पाहिले नाहीत. कॅमेरा पाण्याच्या पातळीला धरायचा. फेब्रुवारीअखेर गेलात तर पाणटिवळ्यांना विटकरी रंग चढायला लागलेला असतो, परतीच्या तयारीचा. शेकाट्या, तलवार बदक, थापट्या, चक्रवाक, मोर शराटी हे तर असतातच.

आणि एक कबुली. मी भिगवणला रोहित पक्ष्यांच्या (फ्लेमिंगोंच्या) उडत्या थव्याचा फोटो काढलाय, खूप लोकांनी वाहवा केली. तो थवा आपणहून उडाला नव्हता. मी नाववाल्याला जास्तीचे पैसे देऊन नाव मध्ये घालायला लावली होती. मंगळाजोडीत तेच करायला गेलो. नाववाल्याने बांबू पाण्यात रोवला, नाव थांबवली आणि नुसता माझ्याकडे बघत बसला. पैसे दाखवले तर हात जोडले. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. खोलीवर येऊन कमी झाला.

शंकासुर | १४ नोव्हेंबर, दुपारी १२.४५

लेन्सवाला, ही माहितीपत्रकात नसलेली गोष्ट. धन्यवाद.

रानभूल | १४ नोव्हेंबर, दुपारी ३.३०

इतकंही गोड समजू नका. माझा अनुभव उलटा आहे. शनिवार-रविवार होता, वीसेक नावा एकाच चिंचोळ्या पाणवाटेत. पुढच्या नावेतल्या मंडळींनी मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून गवतात लपणाऱ्या फटाकडीला बाहेर काढायचा खेळ मांडला होता आणि त्यांचा नाववाला गप्प होता. पाहुण्याला नाही म्हणणं सगळ्यांना जमतं असं नाही.

भीमाकाठ | १४ नोव्हेंबर, रात्री ९.५५

मी भिगवणकडचा. आमच्या घरात मासेमारी आणि हिवाळ्यात नाव. लेन्सवाल्यांचं वाचलं आणि वाटलं, आता बोलावं.

आमच्या आज्याची जमीन उजनीत गेली. पळसदेवचं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, लोक फोटो काढाय येतात. त्याच्या आसपास आमचं शिवार होतं. धरण झालं, मग मासेमारी आली, मग पक्षी आले, मग पक्ष्यांमागं तुम्ही आला. आमच्यासाठी ही सगळी एकाच पाण्याची देणगी हाय, जमीन सोडून.

आता नाव मध्ये घालण्याचं. घालतो, खरंय. का घालतो सांगू? सकाळी सहाला चार गाड्या येतात. पहिला गिऱ्हाईक म्हणतो, मागच्या वेळच्या पोराने पार जवळ नेलं होतं. मी नाही नेलं तर तो दुसऱ्या दिवशी त्या पोराकडं जातो आणि घरी जाऊन लिहितो की हा नाववाला कामाचा नाही. मी एकट्यानं नाही म्हणून काय होतंय? सगळ्यांनी एकाच दिवशी नाही म्हणावं लागतं. मंगळाजोडीत समिती हाय, ट्रस्ट हाय, दर ठरलेला, नंबर ठरलेला. म्हणून तो हात जोडू शकला. तो माझ्यापेक्षा मोठा संत हाय म्हणून नाही.

आणि कुरव पक्ष्यांना फरसाण टाकायचं बंद करा. आम्ही सांगून थकलो. पिशवी गाडीतूनच घेऊन येतात.

मंजिरी_ठाणे | १४ नोव्हेंबर, रात्री १०.२०

भीमाकाठ, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा.

लेन्सवाला | १४ नोव्हेंबर, रात्री १०.३२

दादा, ते मागच्या वेळचं पोरगं जवळ न्यायचं असं सांगणारा गिऱ्हाईक मीच. पुढच्या वेळी तुमच्याकडे येतो, लांबूनच दाखवा.

भीमाकाठ | १४ नोव्हेंबर, रात्री १०.४०

या की. चहा घरी.

वेळास_रिटर्न | १५ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

शंकासुरांच्या आठ महिन्यांच्या प्रश्नावर: आपल्याकडे मंडणगड तालुक्यात वेळासला कासवांसाठी हेच झालं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने काम सुरू केलं, पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येऊ लागले, घराघरांत राहायची-जेवायची सोय झाली. पण हंगाम मोजक्या आठवड्यांचा. उरलेलं वर्ष आंबा, काजू, मुंबईची मनीऑर्डर. पर्यटनावर अख्खं घर चालत नाही, हातभार लागतो. तेवढा हातभार अंडी चोरण्यापेक्षा बरा वाटला की काम झालं. त्याहून मोठी अपेक्षा आपण शहरातले लोक उगाच लादतो.

कटकवासी | १५ नोव्हेंबर, सकाळी ९.००

बरोबर. मंगळाजोडीतही बहुतेकांचा मुख्य धंदा मासेमारीच. शिवाय गावात लाकडी नावा बांधतात, डांबर फासलेले काळे सांगाडे वाटेत दिसतील. आणि घरटी कुणीतरी बाहेर कामाला. चिलिकेच्या मच्छीमारांचं स्वतःचं भांडणही जुनं आहे, कोळंबीच्या घेऱ्यांवरून (तळ्यात कुंपण घालून केलेली कोळंबीशेती). सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तळ्यापासून हजार मीटरच्या आत कोळंबीशेतीला बंदी घातली. तरी तो वाद कुठल्याही चहाच्या टपरीवर आजही पेटतो. पक्ष्यांइतकं त्याबद्दलही विचारा, लोक भरभरून बोलतात.

गुडघ्याचं राहिलंच की! नाव सपाट बुडाची, कडा बुटकी, चढताना नाववाले हात देतात. बसायला आडवी फळी, टेकायला काही नाही. दोन-तीन तास तसं बसणं हाच खरा त्रास. एक जाड उशी न्या. आणि कानटोपी. ओडिशा म्हणजे उकाडा असं समजून येतात आणि पहाटे पाण्यावर कुडकुडतात. भडक कपडे नकोत, एवढं बाबांना सांगायला नकोच.

चिमणीची_आई | १५ नोव्हेंबर, रात्री ९.३०

सगळ्यांचे आभार. तिकिटं काढली, विमानाची. उशीवरून वाद चालू आहे. बाबांच्या मते पक्षीनिरीक्षक उशी घेऊन जात नाही.

टिवटिव | १५ नोव्हेंबर, रात्री ९.३४

भीष्म बाणांवर झोपले होते, पण गुडघा बरा होता.

चिमणीची_आई | २ फेब्रुवारी, रात्री १०.१५

धागा वर काढतेय. जाऊन आलो.

आधी उत्तरं, पुढच्यांसाठी. दोन रात्री पुरल्या. पहिली पहाट खरंच धुक्यात गेली, नावेचं टोकसुद्धा दिसत नव्हतं, नुसता आवाज चहूबाजूंनी. बाबा आवाजावरून नावं सांगत होते आणि वाटाडा मुलगा मान डोलवत होता. गुडघा टिकला. उशी नेली होती. मी. बाबांनी दुसऱ्या फेरीत ती मागून घेतली आणि यावर कुणी काही बोललं नाही. डालमा तीन वेळा खाल्ला. छेनापोड सांगायला नको.

आता दुसरं. दुसऱ्या दिवशी आमच्या नावेवर जे काका होते ते साठीचे असतील. त्यांची ओडिया, बाबांची मराठी, मध्ये वाटाड्या मुलाची हिंदी. पण पक्ष्यांपुरती त्या दोघांना मुलाची गरज लागत नव्हती. एक बोट दाखवायचा, दुसरा हुंकार द्यायचा. ळ मात्र दोघांचा सारखा, कटकवासी! बाबा "मंगळाजोडी" म्हणाले आणि काका खरंच वळून बघायला लागले.

मग बाबांनी मुलाकरवी सरळच विचारलं, तुम्ही मारायचात का? मला जमीन फाटून आत जावंसं वाटलं. काका म्हणाले, हो, वडीलही मारायचे. जाळं कसं लावायचो ते हातांनी करून दाखवलं. आणि पाणटिवळ्याकडे बोट करून म्हणाले, याचं मटण चवीला चांगलं. बाबांना धक्काच बसला. त्यांना बहुतेक डोळ्यांत पाणी वगैरे अपेक्षित होतं. मग बाबा हसायला लागले, काकाही.

एका जोडीला काय मिळायचं तेही त्यांनी सांगितलं. बाबा म्हणाले, एवढ्याशासाठी? मुलाने ते भाषांतर करू की नको असा चेहरा केला, मग केलं. काका म्हणाले, तेव्हा एवढंसं पण कुठे होतं.

शंकासुर, तुमचा प्रश्न मी विचारला. पाऊस सुरू झाल्यावर मासे. मोठा मुलगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात, तो पैसे पाठवतो. धाकटा नाव चालवतो पण त्यालाही सुरतेला जायचंय. पर्यटकांच्या पैशात घर चालतं का विचारलं तर म्हणाले, हिवाळ्यात चालतं. समिती सुरू झाली तेव्हा गावात काहींनी यांच्याशी बोलणं टाकलं होतं, सख्ख्या मेव्हण्यानेही, कारण गस्तीत हे त्याचंच जाळं घेऊन आले होते. मेव्हणा आता बोलतो का? "लग्नात बोलतो."

रानभूल, गर्दी आम्हीही पाहिली. एका नावेत गाणी चालू होती. आमच्या काकांनी लांबूनच त्या नाववाल्याला काहीतरी सुनावलं, गाणी बंद झाली. काय म्हणालात विचारलं तर मुलगा म्हणाला, हे भाषांतर करता येणार नाही.

मी "तो निळा"च्या पुढे गेले आहे. पाणटिवळा, शेकाट्या, मुग्धबलाक आणि दलदलीवरून फिरणारा तो शिकारी पक्षी, भोवत्या, ओळखता येतो. भोवत्या आला की सगळं तळं उठतं. पहिल्यांदा मला वाटलं रेल्वे आली.

बाबांच्या यादीत एकूण ६३ पक्षी झाले. फटाकडी दिसली, पाणकणसाच्या बुडाशी, चार सेकंद.

शंकासुर | २ फेब्रुवारी, रात्री १०.५०

"लग्नात बोलतो." आता पटलं, खरी गोष्ट आहे.

बिनदुर्बीण | ३ फेब्रुवारी, सकाळी ७.२०

मटणाचं वाचून सकाळी सकाळी हसले. चिमणीची आई, सविस्तर लेख लिही ना वेगळा.

भीमाकाठ | ३ फेब्रुवारी, दुपारी १.००

त्या काकांना आमचा नमस्कार पोचवा कुणी गेलं तर. आमच्याकडं परवा सात नाववाल्यांची बैठक झाली, फरसाणावरून. तिघं उठून गेले. चौघं राहिले.

चिमणीची_आई | ३ फेब्रुवारी, रात्री ८.४५

खालचं बाबा सांगताहेत, मी टाइप करतेय:

"सर्व सभासदांस नमस्कार. मुलीने दिलेल्या माहितीत दोन चुका आहेत. एक, पक्षी ६३ नसून ६४ झाले. भुवनेश्वरला विमानतळाबाहेर दिसलेला तिने धरला नाही. दोन, फटाकडी चार सेकंद नव्हे, निदान दहा सेकंद दिसली. मी मोजत होतो, ती उशी शोधत होती."